तिसऱ्या फळीवरचा दगड

वहिनी, तुला जाऊन अठरा दिवस झाले, आणि तू माझ्याशी बोलणं बंद केलंस त्याला बावीस. पहिल्या गोष्टीपुढं माझा काही इलाज नव्हता. दुसरीला मी एकटी कारण आहे. आपण एका दगडावरून भांडलो, आणि तो दगडसुद्धा खरा नव्हता, टीव्हीवरच्या गेममधला होता. हे कुणाला सांगायला गेले तर म्हणतील, हिंगोलीवालीचं डोकं फिरलं. म्हणून कुणाला सांगत नाही, तुलाच लिहिते.

आणि 'तू' म्हणून लिहिते. चारचौघांत मी तुला 'वहिनी, तुमी' म्हणायचे आणि तू मला 'ताई, तुमी', मी तुझ्याहून चार वर्षांनी लहान असून. नणंदेचा मान! पण सेट चालू झाला, हातात गेमचा रिमोट आला, की आपण दोघी 'तू'वर यायचो. "खेळताना नातं न्हाई," हा कायदा तुझाच. तर सेट चालू आहे असं समज.

तेराव्याचं आधी सांगते, कारण तिथं माझं डोकं फिरलं. आखाडा बाळापुरातल्या समद्या बाया आल्या होत्या. एक म्हणाली, "लई गुणाची होती." दुसरी म्हणाली, "कधी वर मान करून बोलली न्हाई." तिसरी म्हणाली, "भाकर काय थापायची, पापुद्र्यासारखी." वहिनी, तुझी भाकर जाड असायची. काठाला कच्ची राहायची. आईनं पंधरा वर्षं त्यावरून तुला बोल लावले, आणि तेराव्याला तीच आई मान डोलवून राहिली! माणूस मेलं की त्याची भाकर पातळ होते, हे मला नवीन होतं. मी मोठ्यानं म्हटलं, "वहिनीसारखं गेम खेळणारं माणूस आख्ख्या जिल्ह्यात नव्हतं, ते का नाही कुणी बोलत?" एका मावशीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, "दुःखानं बोलून राहिलं लेकरू." मी उठून मागच्या अंगणात गेले आणि तिथं पहिल्यांदा रडले. रागानंच रडले.

त्यांचा तरी काय दोष. तू काय करायचीस ते त्यांना कधी कळलंच नाही. त्यांना वाटायचं, सून टीव्ही तपासून राहिली.

आणि तपासतच होतीस की. दादाचं दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. दुरुस्त केलेला सेट लगेच गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, दोन तास चालवून बघायचा, तापला की कुठली खोट वर येते ते बघायचं, ही दादाची पद्धत. पण त्या वर्षांत दुपारी टीव्हीला काही लागायचंच नाही, नुसत्या मुंग्या. म्हणून दादानं नांदेडहून गेमचा डबा आणला. गेममध्ये सगळे रंग असतात, आवाज असतो, चित्र पळतं, सेटची खोट लपत नाही. दादाला दोन तास बसायला वेळ नाही, मी कॉलेजात. राहिलीस तू, दोन महिन्यांची नवी नवरी. डोक्यावर पदर, मांडीत रिमोट. रस्त्यावरून जाणाऱ्या बाया उंबऱ्यात थबकायच्या आणि आई आतून ओरडायची, "खेळत न्हाई ती! कामाला बसवलं तिला!"

कामालाच बसली होतीस. सहा महिन्यांत तू दादाला सांगायला लागलीस, "गेममधल्या जवानाची पँट निळी पाहिजे, जांभळी दिसून राहिली. लाल जास्त हाय." दादा मागचं झाकण काढून काहीतरी फिरवायचा आणि तू पडद्याकडं बघत म्हणायचीस, "अजून जरा. अजून. हां, बराबर." एकच गेम तू किती सेटांवर खेळलीस, देव जाणे. काळ्या-पांढऱ्यावर खेळलीस, चित्र वरखाली उड्या मारत होतं त्यावरही खेळलीस. पोरं हरली की रिमोटला शिव्या द्यायची. तू म्हणायचीस, "नाचता येईना अंगण वाकडं. मी वाकड्या अंगणातच शिकले."

गेमची नावं इंग्रजीत होती. ती आपल्या घरात कुणी वाचली नाहीत, आपली नावं आपणच ठेवली. रणगाड्याची, टोपीवाल्याची, बदकांची, दोघा जवानांची. आणि प्रत्येकीबद्दल तुझं मत ठरलेलं. तालुक्याचा तहसीलदार आला असता तरी बदललं नसतंस.

रणगाड्याची तुझी लाडकी. खाली मधोमध गरुड, भोवती विटांची भिंत, चहूबाजूंनी रणगाडे. मी मारत मारत पुढं जायचे आणि मागं गरुड फुटायचा. तू गरुडापासून हलायची नाहीस. "नुसतं मारायला काय, मारक्या म्हशीला बी येतं," म्हणायचीस. "काहीतरी राखायचं असलं की मग खेळ." हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही नाही. ती गेम संथ आहे. त्या रणगाड्यांना अक्कल नाही, ते वाट चुकल्यासारखे फिरतात, आणि अक्कल नसलेल्याशी काय लढायचं. तू गेलीस म्हणून मी हे मागं घेणार नाही.

टोपीवाल्याचं मात्र तुझं बरोबर होतं. त्यात पडदा मागं सरकत नाही. एखादी वीट फोडायची राहिली की राहिलीच. मी हळहळायचे आणि तू पुढं निघून गेलेली असायचीस.

बदकांच्या गेमला तू गेम म्हणायलाच तयार नव्हतीस. ती आईची. आई प्लास्टिकची बंदूक पार काचेला टेकवून चाप ओढायची, बदक पडायचं आणि ती तुझ्याकडं वळून म्हणायची, "बघ माझा नेम!" तू सासूपुढं तोंड उघडायची नाहीस, पण माझ्याकडं अशी बघायचीस की मला हसू आवरायचं नाही. आणि ती नव्याण्णव गेमची कॅसेट! दादा कौतुकानं घेऊन आला. तू दोन दुपारी दोन सेटांवर बसून नव्याण्णवच्या नव्याण्णव उघडून बघितल्यास आणि निकाल दिलास, "पाच हायत. बाकी समदी त्याच पाचांची टोपणनावं." तुला इतकं चिडलेलं मी क्वचित बघितलं. हरल्याचं तुला काही वाटायचं नाही, फसवलं की मस्तकात जायचं. हे मी ध्यानात ठेवायला हवं होतं.

दोघा जवानांची मात्र आपली दोघींची. तिच्यावर आपलं कधी भांडण झालं नाही. जंगल, मग बोगदा, मग धबधबा, मग बर्फ. तीन जीव, संपले की पुन्हा जंगलातून सुरुवात. त्यात तो धबधबा सगळ्यात वाईट. फळ्याफळ्यांवरून उड्या मारत वर चढायचं, आणि दोघींतली एक भराभर वर गेली की पडदा वर सरकतो आणि खालची मरते. मला घाई. माझ्या घाईनं तू किती वेळा मेलीस याचा हिशेब नाही. आणि वाचलीस तरी तिसऱ्या फळीवर वरून, डाव्या बाजूनं, तो दगड गडगडत यायचाच. तिथं थांबलं की संपलं, उशिरा उडी मारली तरी संपलं.

हिंगोलीच्या स्टँडवर कुणीतरी मला युक्ती सांगितली. सुरुवातीला अमुक बटणं अमुक क्रमानं दाबली की तीनाच्या जागी तीस जीव मिळतात. मी घरी पळत आले. तू एकदा खेळून बघितलंस आणि रिमोट खाली ठेवलास. "तीस असले की एकाची बी किंमत न्हाई," म्हणालीस. मी म्हटलं, "मला शेवट बघायचाय, किंमत नाही बघायची." आणि मी तीस जिवांवर शेवट बघितला, आख्ख्या गल्लीला सांगितलं. तू शेवट बघितलास त्यानंतर दोन वर्षांनी, पुसेगावच्या एका मास्तरच्या सेटवर, तीन जिवांत. मी शेजारी होते. मीच ओरडले, तू नाही. तू सेटच्या पाठीला हात लावून बघितलास, किती तापलाय ते, आणि दादाला हाक मारलीस, "सेट बराबर हाय. घिऊन जा म्हणा मास्तरला." त्या दिवशी माझा शेवट किती खोटा होता ते मला कळलं. तुला कधी बोलले नाही. आता बोलते.

पण आपला खरा खेळ पडद्यावरचा नव्हताच. तो लाईन गेल्यावरचा. हे आपल्या घराबाहेर कुणाला कळायचं नाही, म्हणून नीट लिहिते. तुझ्या लग्नाला वर्ष होत आलं असेल. धबधब्यावर मी, शेवटचा जीव, आणि लाईन गेली. मी रिमोट भिंतीवर फेकला. तू तो उचललास, फुंकलास आणि म्हणालीस, "काहून फेकून राहिली? मला समदं पाठ हाय. मी मशीन होते, तू खेळ." मी म्हटलं, "काय?" तू बंद सेटकडं बघत सुरू झालीस. "दुसरी फळी. उजवीकडून बंदूकवाला." मी म्हटलं, "झोपले." "गोळी वरून गेली. आता तिसरी फळी. दगड आला, डावीकडून." मी विचार करत बसले. "एक. दोन. मेलीस." असा तो तोंडी डाव. मशीननं जे आहे ते सांगायचं, मनचं काही घालायचं नाही, आणि दोन म्हणेपर्यंत समोरचीनं उत्तर द्यायचं. नाही दिलं तर मेली. पुढं लोडशेडिंग आलं, लोक वीज कंपनीच्या नावानं बोटं मोडायचे आणि आपण दोघी चुलीपुढं बसून धबधबा चढायचो. मला वाटतं मी तुला सगळ्यात जास्त त्या दुपारांत ओळखलं. कांदा चिरता चिरता तू मला मारायचीस, आणि मारताना तुझ्या आवाजात कणभर फरक पडायचा नाही.

मी एकदा विचारलं होतं, तुला या खेळाचं एवढं काय. तू तुझ्या माहेरची, साखऱ्याची गोष्ट सांगितलीस. तुम्ही पाच भावंडं, तू शेंडेफळ. लंगडी असो, लपाछपी असो, तू कच्चं लिंबू. खेळायला घ्यायचे, पण तुला धरलं तरी आऊट नाही, तू कुणाला धरलंस तरी तो आऊट नाही. "दिवसभर पळायचे मी," तू म्हणालीस, "अन् संध्याकाळी कळायचं की मी खेळातच नव्हते. त्यापरीस रट्टा बरा. शाळा सोडली तवाबी तसंच. भावाला मास्तर मारायचा अभ्यास न्हाई केला म्हणून, मला सोडून द्यायचा. पोरगी हाय, जाऊ द्या. सातवीत आले अन् खरंच जाऊ दिलं. ह्या मशीनीला कळत न्हाई मी कोण हाय ते. ती मला मारती. मला लई बरं वाटतं." असं बोललीस आणि दूध उतू गेलं म्हणून उठून गेलीस.

आणि तू मशीन असलीस की मशीनच असायचीस. माझ्या हळदीच्या दिवशी लाईन गेली. अंगाला हळद, हातात कंकण, पाहुण्यांनी घर भरलेलं, आणि मला रडायला येत होतं. तू कानाशी येऊन म्हणालीस, "धबधबा?" मी खेळायला लागले. माझं लक्ष कुठलं असायला! तिसऱ्या फळीवर तू म्हणालीस, "एक. दोन. मेलीस." मी म्हटलं, "अगं, आज तरी सोड की! हळद लागलीय मला!" तू म्हणालीस, "मशीनीला हळद दिसत न्हाई. परत चढ." पाच वेळा मारलंस मला त्या दुपारी. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की रडायचं राहूनच गेलं. सहाव्या वेळी चढले. सासरी गेल्यावर, तिथं सगळे तोंडावर गोड बोलायचे तेव्हा, मला तुझं ते "मेलीस" फार आठवायचं. आख्ख्या नात्यागोत्यात खरं सांगणारं माणूस म्हणजे तू एकटी होतीस. त्या पाच वेळांसाठी मी तुझे उपकार मानते, आणि हे तुझ्यासमोर कधी म्हटलं नाही कारण तू म्हणाली असतीस, "लाडात येऊ नको, चढ."

पुढं मी हिंगोलीत कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवायला लागले आणि मला वाटलं, आता वहिनीला खरी गेम दाखवते. एका रविवारी तुला क्लासमध्ये नेऊन बसवलं. शहराची गेम लावून दिली, कुणाचीही गाडी पळवायची आणि धुडगूस घालायचा. तू गाडी घेतलीस आणि डाव्या बाजूनं हळूहळू चालवत राहिलीस. सिग्नलला थांबलीस! मागचे हॉर्न वाजवून राहिले, कुणीतरी उतरून तुला गाडीतून ओढलं. तू माझ्याकडं वळून म्हणालीस, "रस्ते लई चांगले हायत. माणसं वाईट हायत." मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होते. मग दुसरी लावली, तलवारीची, दिसायला झकास. दहा मिनिटांत तू हात काढून घेतलास. "ही सारखी शिकवून राहिली. हिकडं जा, तिकडं जा, बाण दाखवती, पाठ थोपटती. अगं, मरू तरी दे मला!" माझ्या मोबाइलमधला साप तेवढा तुला पसंत पडला. म्हणालीस, "हा आपल्याच शेपटीवर मरतो. कुणाला नाव ठेवायची सोय न्हाई."

आणि मग ते भांडण, जे अजून संपलेलं नाही. तुझी लेक राणी माझ्याकडं सुट्टीला आली होती, तिला न्यायला तू आलीस तेव्हा तुला खेळून दाखवत होती. अवघड जागा आली की ती आधी गेम साठवून ठेवायची. मेली की तिथूनच पुन्हा. तू बघत राहिलीस आणि तुझा चेहरा उतरत गेला. "हे काय?" "आई, सेव्ह केलं." "म्हंजे मेलं तर?" "मेलं तरी काही नाही." तू म्हणालीस, "मग खेळून काहून राहिली?" मी मध्ये पडले. तुला आठवत असेल, मी आवाज चढवला होता. म्हटलं, "तुला दोन तास दादाच्या धंद्यानं दिले. मला कोण देतं? नोकरी, दोन लेकरं, स्वयंपाक. मला रोज वीस मिनिटं मिळतात. साठवता आलं नसतं तर मी जन्मभर पहिल्या जंगलातच राहिले असते." तू म्हणालीस, "ते खरं हाय. पण मग ते लोणचं झालं. बरणीत ठिवायचं अन् लागलं तसं काढायचं. लोणचं चांगलं असतं. पण त्याला जेवण न्हाई म्हणत." मी संतापले, आणि हसूही आलं. दोन वर्षं प्रत्येक पंचमीला, दिवाळीला तेच भांडण. या पंचमीला मी उत्तर तयार करून आले होते. आणि तू नांदेडच्या दवाखान्यात होतीस.

त्या दिवशीचं आता लिहिते. मी टाळत आले इथपर्यंत.

दुपारची वेळ होती. दादा औषधं आणायला गेलेला. तुझ्या हाताला सलाईन, हात सुजलेला, ओठ कोरडे. डॉक्टरांनी आदल्या दिवशी दादाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि दादानं मला. तुला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तुला सगळं माहीत होतं. वॉर्डातला पंखा थांबला. तू डोळे मिटलेलेच ठेवून विचारलंस, "लाईन गेली?" मी म्हटलं, "व्हय." तू म्हणालीस, "मशीन हो."

मी मशीन झाले. पहिली फळी चढलीस. दुसऱ्या फळीवर मी म्हटलं, "उजवीकडून बंदूकवाला," आणि एक म्हटलं, आणि तुझा श्वास अडकला. मी दोन म्हणायला वेळ लावला. भरपूर लावला. तू म्हणालीस, "झोपले." मग तिसरी फळी. मी तुझ्याकडं बघितलं. वहिनी, तुझी मान उशीवर अशी पडली होती. मला ते वाक्य तोंडातून काढवेना. मी म्हटलं, "तिसरी फळी. मोकळी हाय. चढ."

तू डोळे उघडलेस. "दगड कुठं गेला?"

"कोणता दगड?" मी म्हटलं. असं म्हटलं मी. तुला!

"तिसऱ्या फळीवर दगड येतो. मी लग्न करून आले तवापासून येऊन राहिला."

"आज नाही आला."

तू माझ्याकडं बघत राहिलीस. चिडली असतीस तर बरं झालं असतं. तू अगदी हळू म्हणालीस, "राहू द्या ताई. तुमी दमला असाल." आणि भिंतीकडं तोंड केलंस.

त्यानंतर चार दिवस. दादाशी बोललीस, राणीशी बोललीस, नर्सला तिच्या पोराचं नाव विचारलंस. मी पाणी धरलं तर प्यायलीस. माझ्याशी एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मलाही राग आला. मी तुझ्याहून कमी हट्टी आहे का? मनात म्हटलं, एवढ्या दुखण्यात कुणी असं करतं? मायेनं केलं ना मी? बस मग फुगून. आणि आणखी एक दिवस काढून, क्लासला परीक्षा आहे असं सांगून हिंगोलीला निघून आले. परीक्षा होती, खोटं नाही बोलले, पण दुसऱ्या बाईंना सांगता आलं असतं. वाटलं, परवा जाईन तेव्हा तू निवळलेली असशील. परवा सकाळीच दादाचा फोन आला.

वहिनी, या अठरा दिवसांत मला दहा जणांनी समजावलं. आपल्यात काही बिनसलं होतं एवढंच मी बोलले, कशावरून ते नाही सांगितलं. सगळे म्हणाले, अगं, आजारी माणूस चिडचिडं होतं, तिच्या मनात काही नसेल. त्यांना काय माहीत. तू चिडचिडी झाली नव्हतीस, तू शुद्धीवर होतीस आणि तुझं बरोबर होतं. सगळ्या जगानं तुला सोडून दिलं, पोरगी म्हणून, सून म्हणून, सातवी शिकलेली म्हणून. एक मशीन होती ती तुला खेळात धरायची, आणि एक मी होते. तुझ्या शेवटच्या डावात मी तुला कच्चं लिंबू केलं. माया होती, ती मी नाकारत नाही. पण भाकर पातळ करणाऱ्या त्या तेराव्याच्या बाया आणि मी, यात मग फरक काय राहिला?

म्हणून आता तुला सूट देणार नाही. रणगाड्याची गेम संथ आहे. गेम साठवून ठेवणं ही सोय आहे, त्यात कसलीही लबाडी नाही, आणि लोणचं-भाकर हे गरिबाचं पोटभर जेवण असतं, हे ते मी तयार करून आणलेलं उत्तर. बघ काय म्हणतेस. तीन जिवांत खेळावं, हे तुझं खरं. जवानांच्या गेमचा शेवट तू बघितलास, मी नाही, हेही खरं. आणि माझ्या घाईनं तू जितक्या वेळा धबधब्यात मेलीस, त्यातल्या निम्म्या वेळा चूक तुझी होती, कारण तू पदर सावरायला थांबायचीस.

आता डाव. जिथं मी बिघडवला तिथूनच घेते. मी मशीन आहे, मला हळद दिसत नाही, सलाईन दिसत नाही.

तिसरी फळी. दगड आला, डावीकडून.

एक.

दोन.

मेलीस, वहिनी. शेवटचा जीव होता. डाव संपला, आणि तू हरलीस. मी सोडलं नाही तुला. आता बोल माझ्याशी.